छंदमंडळांना मिळणाऱ्या मोफत वस्तू आणि त्यांच्यासोबतच्या अटी

छायाचित्रण, आकाशनिरीक्षण, हौशी रेडिओ, विमानांच्या प्रतिकृती, संगणक अशा छंदांची मंडळे देशातील बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. सदस्यांची वर्गणी हेच त्यांचे मुख्य उत्पन्न असते. त्यामुळे एखाद्या कंपनीने दुर्बीण, कॅमेऱ्याची लेन्स, ड्रोन किंवा सॉफ्टवेअरच्या प्रती विनामूल्य देऊ केल्या, की त्या आनंदाने स्वीकारल्या जातात. वस्तूसोबत एक पत्र येते, पत्रात अटी असतात आणि मंडळाचे चिटणीस त्यावर सही करतात. ती सही देणगीच्या पावतीवर झाली, उसनवारीच्या कागदावर झाली की जाहिरातीच्या करारावर, हा प्रश्न सहसा काही बिनसल्यानंतरच विचारला जातो.

अटींचे नमुने जगभर बरेचसे सारखे आहेत. वस्तू पुन्हा विकू नये, ही सर्वात जुनी आणि सर्वात प्रचलित अट. ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का पुस्तकांवर, ध्वनिमुद्रिकांवर आणि सॉफ्टवेअरच्या खोक्यांवर अनेक वर्षे दिसत आला आहे. त्यामागील कारण व्यापारी आहे. फुकट दिलेला माल बाजारात कमी दराने आला, तर कंपनीचेच विक्रेते नाराज होतात. दुसरी अट परीक्षणाची. अमुक मुदतीत वस्तूचे परीक्षण लिहावे आणि त्याची प्रत कंपनीला पाठवावी, असे सांगितले जाते. वस्तू बैठकीत सोडत काढून सदस्यालाच द्यावी, कार्यक्रमात कंपनीचे बोधचिन्ह लावावे, स्पर्धक कंपनीचे साहाय्य घेऊ नये, उपस्थितांची नावे व दूरध्वनी क्रमांक कळवावेत, कंपनी मागेल तेव्हा वस्तू परत करावी, अशाही अटी आढळतात. यांतील काही निरुपद्रवी आहेत. काहींमुळे मात्र व्यवहाराचे स्वरूपच पालटते.

भारतीय कायद्यात देणगीची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात आहे. त्याच्या कलम १२२ नुसार देणगी म्हणजे स्वेच्छेने आणि मोबदल्याशिवाय केलेले हस्तांतरण. जंगम वस्तूच्या बाबतीत नोंदणीकृत दस्तऐवज आवश्यक नाही, वस्तू प्रत्यक्ष हवाली केली तरी पुरते. या व्याख्येतील ‘मोबदल्याशिवाय’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मंडळाने परीक्षण लिहून देण्याचे, फलक लावण्याचे किंवा स्पर्धकाला दूर ठेवण्याचे वचन देऊन वस्तू घेतली असेल, तर तिला निव्वळ देणगी म्हणणे अवघड होते. पत्राच्या मथळ्यावर ‘सप्रेम भेट’ असे छापलेले असल्याने त्यात फरक पडत नाही.

‘मागू तेव्हा परत करा’ या अटीचा परिणाम आणखी वेगळा आहे. दात्याच्या निव्वळ मर्जीवर मागे घेता येणारी देणगी कलम १२६ नुसार तेवढ्यापुरती शून्यवत ठरते. दात्याच्या इच्छेवर अवलंबून नसलेली एखादी विशिष्ट घटना घडल्यास, उदाहरणार्थ मंडळ विसर्जित झाल्यास, देणगी रद्द व्हावी असे दोन्ही पक्षांना ठरवता येते. पण लहर हे कारण चालत नाही. म्हणून अशी वस्तू व्यवहारात उसनी दिलेली मानणे अधिक सयुक्तिक ठरते, आणि मग १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमातील निक्षेपाच्या, म्हणजे परत करण्याच्या बोलीवर दुसऱ्याच्या हवाली केलेल्या वस्तूच्या, तरतुदी पुढे येतात. सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी मंडळाने घ्यावी, असे कलम १५१ सांगते. विनामूल्य उसनी दिलेली वस्तू ठरलेल्या मुदतीपूर्वीही परत मागता येते. मात्र त्या मुदतीवर विसंबून मंडळाने काही केले असेल आणि अकाली परतीमुळे त्याला लाभापेक्षा अधिक हानी होत असेल, तर कंपनीने ती भरून द्यावी, अशी सोय कलम १५९ मध्ये आहे. महिनाभर आधी जाहीर केलेल्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमासाठी हे कलम कामाचे आहे. ते फारसे कोणाच्या लक्षात नसते.

पुनर्विक्रीच्या मनाईबाबत १८८२ च्याच अधिनियमाचे कलम १० पाहावे लागते. मालमत्ता दुसऱ्याला देण्यास कायमची आणि सरसकट मनाई करणारी अट या कलमान्वये शून्यवत असते, आणि ही तरतूद असलेला भाग जंगम व स्थावर अशा दोन्ही मालमत्तांना लागू आहे. मर्यादित निर्बंधांचा विचार वेगळा होतो. वर्षभर विकू नये किंवा विकल्यास आधी कळवावे, अशा अटी सरसकट मनाईच्या पंक्तीत बसत नाहीत.

या प्रश्नावरील दोन बोलके निकाल अमेरिकेतील आहेत. युनिव्हर्सल म्युझिक ही कंपनी प्रसिद्धीसाठी समीक्षकांना आणि आकाशवाणी केंद्रांना न मागता सीडी पाठवत असे. सीडी कंपनीच्याच मालकीची असून ती फक्त वापरासाठी दिली आहे, तिची विक्री करता येणार नाही, असे तिच्यावर छापलेले असे. त्यांतील काही सीडी एका विक्रेत्याने ईबेवर विकल्या आणि कंपनी न्यायालयात गेली. २०११ मध्ये नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. न मागता पाठवलेली, जिचा माग ठेवला जात नाही आणि जी परत मिळेल अशी अपेक्षा नाही, अशी वस्तू घेणाऱ्याची होते. केवळ छापील वाक्याने त्याची संमती गृहीत धरता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्याच न्यायालयाने काही महिने आधी, २०१० मध्ये, ऑटोडेस्कच्या सॉफ्टवेअरबाबत मात्र उलट निर्णय दिला होता. तेथे वापरपरवान्याचा करार स्पष्ट होता आणि हस्तांतरणावर ठोस निर्बंध होते. म्हणून प्रत बाळगणारा हा मालक नसून केवळ परवानाधारक आहे, असे ठरले. हे निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. तरीही संगणक मंडळांनी एवढे ध्यानात घ्यावे, की खोके मंडळाचे झाले तरी आतले सॉफ्टवेअर मंडळाचे होतेच असे नाही.

परीक्षणाच्या अटीत वाचकाचाही प्रश्न गुंतलेला आहे. मंडळाच्या मताला किंमत असते ती त्याला विकण्यासारखे काही नसते म्हणून. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिराती व शिफारशींबाबत मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. शिफारस करणारा आणि उत्पादक यांच्यात विश्वासार्हतेवर परिणाम करणारा संबंध असेल आणि तो लोकांच्या सहज लक्षात येण्यासारखा नसेल, तर तो पूर्णपणे उघड केला पाहिजे, असे ही तत्त्वे सांगतात. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत विनामूल्य मिळालेल्या वस्तूंचा, अगदी न मागता आलेल्या वस्तूंचाही, या संबंधात समावेश केला आहे. खुलासा शिफारशीच्याच भाषेत करावा, असेही तीत म्हटले आहे. मराठी चित्रफितीखाली इंग्रजी आद्याक्षरे टाकून भागत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा उल्लंघन झाल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. परीक्षण अनुकूलच असावे किंवा प्रसिद्धीपूर्वी मंजूर करून घ्यावे, अशी अट असेल, तर त्या लेखनाला परीक्षण म्हणणेच चुकीचे आहे.

कंपन्या ‘भेट’ हा शब्द कधी टाळतात, तर कधी आग्रहाने वापरतात, यामागे करांचे गणितही असते. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम १७(५)(ह) प्रमाणे भेट किंवा मोफत नमुना म्हणून दिलेल्या मालावरील निविष्टी कराचा परतावा कंपनीला मिळत नाही. प्राप्तिकराच्या बाजूने, १९६१ च्या कायद्यात घातलेले कलम १९४-आर जुलै २०२२ पासून लागू झाले. व्यवसाय किंवा पेशातून मिळालेल्या वर्षाला वीस हजार रुपयांवरील लाभावर देणाऱ्याने दहा टक्के कर कापावा, असे ते कलम होते. वापरून परत केलेली वस्तू लाभ ठरत नाही, ठेवून घेतलेली ठरते, असे प्रत्यक्ष कर मंडळाच्या त्या वर्षीच्या परिपत्रकात प्रभावकांच्या संदर्भात स्पष्ट केले गेले. निव्वळ छंद जोपासणाऱ्या मंडळाला हा नियम सहसा लागू पडत नाही. परंतु सशुल्क कार्यशाळा घेणाऱ्या किंवा समाजमाध्यमांतून उत्पन्न मिळवणाऱ्या मंडळाने लेखापालाचा सल्ला घेतलेला बरा.

सामाजिक दायित्व निधीच्या नावाखाली आलेली वस्तू आणखी बारकाईने पाहावी. जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार, आपल्या उत्पादनांना विपणनाचा लाभ व्हावा म्हणून कंपनीने पुरस्कृत केलेले उपक्रम या दायित्वात मोडत नाहीत. अर्थात, मंडळाने परीक्षण लिहावे, फलक लावावा आणि कंपनीने तोच खर्च सामाजिक दायित्वात दाखवावा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बसत नाहीत.

सदस्यांची यादी मागण्याची अट सर्वात सहज मान्य केली जाते, आणि तीच सर्वात धोक्याची आहे. वस्तू मंडळाला मिळते, पण दूरध्वनी क्रमांक सदस्याचा असतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ यात संमती विशिष्ट हेतूसाठी, मोकळेपणाने आणि माहितीपूर्वक दिलेली असावी असे तत्त्व आहे. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. सदस्यत्वाच्या अर्जावर दिलेला क्रमांक विक्री प्रतिनिधीच्या हाती जाण्यासाठी नसतो.

काही वस्तूंवर कंपनीच्या अटींआधी सरकारचे नियम लागू होतात. ड्रोन नियम, २०२१ मध्ये विक्री आणि भाडेपट्ट्याबरोबर भेटीचाही उल्लेख असून, असे हस्तांतरण नोंदवावे लागते. हौशी रेडिओचा प्रक्षेपक संच परवानाधारकाच्याच हाती असावा लागतो. ‘सोडत काढून कोणाही सदस्याला द्यावा’ अशी कंपनीची अट तेथे पाळता येणार नाही.

मंडळ नोंदणीकृत नसेल, तर अडचण वेगळीच असते. त्याला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसल्याने वस्तू प्रत्यक्षात कोणा पदाधिकाऱ्याच्या घरी राहते आणि अटींची जबाबदारीही त्याच्याकडेच बोट दाखवते. महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालील संस्था सामान्यतः १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदलेल्या असतात आणि त्यांना लेखापरीक्षित हिशेब ठेवावे लागतात. अशा संस्थेने मोफत मिळालेली वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढवताना ती मालकीची की उसनी, अटींचे पत्र कोणत्या तारखेचे, ते कार्यकारिणीच्या कोणत्या बैठकीत मान्य झाले, आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती कोणी करायची, एवढे चार रकाने भरावेत. मोफत दिलेल्या वस्तूला हमी लागू आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. पत्रातील एखादी अट नको असेल, तर ती खोडून, बाजूला सही करून पत्र परत पाठवता येते. कंपनीने त्यानंतरही वस्तू दिली, तर खोडलेल्या अटीवर पुढे बोट ठेवणे तिला कठीण जाते.