साती आसरा
महाराष्ट्रभर, तसेच खानदेशातही, नदी, डोह व विहिरींवर वस्ती मानलेल्या सात जलदेवता. मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा व मकरी ही त्यांची पोथीतली नावे. लोकांच्या तोंडी मात्र साऱ्या मिळून ‘आसरा’. घडीव मूर्ती बहुधा नसते. काठावर ओळीने सात तांदळे, म्हणजे अनघड दगड, त्यांना शेंदूर, पुढे हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण-नारळ आणि दहीभात. बुडून मेलेल्या बायका आसरा होतात व भरदुपारी एकट्यादुकट्याला ‘लागतात’, अशी समजूत आहे. गिरणा-पांझरेसारख्या उन्हाळ्यात रोडावणाऱ्या नद्यांच्या मुलखात खोल डोहाविषयी इतका धाक आणि इतकी माया असावी, हे अगदी स्वाभाविक वाटते. म्हसोबा हा त्यांचा भाऊ किंवा राखणदार. त्याचा दगड पुष्कळदा शेजारीच असतो.