छप्पर नसले तरी जुनी मोटार टिकते, पण दमट कोंडवाड्यात नाही

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पिवळ्या रंगाची एक रोल्स रॉईस सिल्व्हर घोस्ट पाहायला मिळते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठी ती १९११ मध्ये मागवण्यात आली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. सिंहासनासारखे आसन असलेली ही गाडी पुढे केवळ समारंभांपुरती बाहेर निघे. शतकभरात ती जेमतेम काही शे मैल धावली.

याच घराण्याच्या इतर गाड्यांचे नशीब मात्र असे नव्हते. सातवे निजाम उस्मान अली खान १९६७ मध्ये निवर्तल्यानंतर नातू मुकर्रम जाह यांच्या हाती कारभार आला. तेव्हा मोटारखान्यातील सुमारे ६० गाड्यांपैकी अवघ्या चार चालू स्थितीत होत्या, असा उल्लेख इतिहासलेखक विल्यम डॅलरिम्पल यांच्या लेखनात आहे. त्या गाड्यांना छप्पर होते, नोकरचाकर होते, पेट्रोल व सुट्या भागांवरचा खर्चही चालू होता. नव्हती ती नियमित देखभाल.

वडिलांची फियाट किंवा आजोबांची अॅम्बेसेडर जपू पाहणाऱ्या, पण स्वतःचे गॅरेज नसलेल्या वाचकाला या दोन टोकांतून एक गोष्ट कळावी. गाडी उघड्यावर उभी आहे म्हणून मरत नाही. साचलेला ओलावा, शिळे पेट्रोल आणि महिनोन्महिने न लागलेला हात तिला मारतात.

आपला ‘हिवाळा’ जूनमध्ये

मोटार दीर्घकाळ उभी ठेवण्यावरची बहुतेक पुस्तके युरोप-अमेरिकेतील. तिथे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात; ते मीठ पत्रा खाते, म्हणून जुन्या गाड्या हिवाळाभर आत ठेवल्या जातात. हैदराबादेत हिवाळा हा गाडीसाठी सर्वांत सौम्य काळ. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान सरासरी १४-१५ अंशांपर्यंत उतरते आणि पाऊस जवळपास नसतो. लक्ष ठेवायचे ते एकाच गोष्टीकडे. दिवस-रात्रीच्या तापमानातील मोठ्या फरकामुळे पहाटे थंड पत्र्यावर दंव धरते. गाडी झाकलेली असेल आणि आत हवा खेळत नसेल, तर ते वाळत नाही.

खरी परीक्षा जून ते ऑक्टोबर या काळाची. हैदराबादेत वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील सुमारे तीन चतुर्थांश नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. गोव्यात हे प्रमाण तिप्पट-चौपट आहे, शिवाय समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या हवेला ऋतू नसतो. म्हणून पाश्चात्त्य पुस्तकांत हिवाळ्यासाठी सांगितलेली तयारी आपण मे महिन्यात, पावसाळ्याच्या बेगमीबरोबरच उरकावी. हैदराबादेतील गाडीमालकाला हिवाळ्याचे कोरडे महिने रंग, गंज आणि रबराच्या दुरुस्तीसाठी वापरता येतात.

जागा निवडताना

पहिला निकष उंचीचा. १३ व १४ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत हैदराबादेत हजारो घरांत पाणी शिरले. रस्त्यांवरून गाड्या वाहून जातानाची दृश्ये देशभर पाहिली गेली. अशा वेळी इमारतीखालचे तळघर, म्हणजे हैदराबादी बोलीतले ‘सेलर’, सर्वांत आधी भरते. तळघरातील छपरापेक्षा चढावरची उघडी जागा बरी. खाली सिमेंट किंवा फरशी असावी. मातीतून आणि गवतातून अहोरात्र वर येणारी वाफ गाडीचा तळ गंजवते. फरशी शक्य नसेल तर जाड प्लास्टिक अंथरून त्यावर फळ्या टाकाव्यात. नारळ, आंबा किंवा चिकाचे झाड डोक्यावर नको.

दुसरा निकष कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन हलवण्याचा आदेश गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो. धूळ साचलेली, टायर बसलेली जुनी गाडी बेवारस ठरायला वेळ लागत नाही. म्हणून खासगी आवार हवे. सोसायटीत असेल तर लेखी संमती घ्यावी. गोव्याची नोंदणी असलेली गाडी हैदराबादेत बारा महिन्यांहून अधिक काळ राहणार असेल, तर कलम ४७ प्रमाणे तेथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपातील गाडीसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

आच्छादन : होडीकडून घेण्यासारखा धडा

गोव्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात वर ओढून ठेवलेल्या होड्या आठवाव्यात. त्यांच्यावर झावळ्या असतात. वरचे पाणी ओघळून जाते, खालून वारा फिरत राहतो. गाडीलाही हेच हवे.

प्लास्टिकची ताडपत्री थेट पत्र्यावर घट्ट बांधणे ही सर्वांत सर्रास चूक. आतली वाफ बाहेर पडत नाही, रंगाखाली फोड येतात, आणि वाऱ्याने फडफडणारी ताडपत्री धुळीसकट रंग घासते. ताडपत्री वापरायचीच तर बांबूच्या किंवा लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर, टपापासून किमान हातभर उंच आणि उतरती बांधावी. बाजू मोकळ्या ठेवाव्यात. गाडीवर केवळ हवा जाऊ देणारे मऊ कापडी आवरण घालावे. कोरड्या दिवशी ते काढून गाडीला दोन-तीन तास वारा द्यावा.

झाकण्यापूर्वी गाडी तळासकट धुऊन पूर्ण दिवस वाळवावी. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतात, ती तारेने मोकळी करावीत. रंगावर मेण आणि क्रोमवर पॉलिशचा हात द्यावा. पायपुसणी व गालिचे काढून घरात न्यावेत, कारण त्यांच्याखालीच फरशीचा पत्रा सडतो. सायलेन्सरच्या तोंडाला व हवा घेणाऱ्या नळीला बारीक जाळी बांधावी. उंदीर आत घरटे करतात आणि वायरी कुरतडतात. जाळी लावल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला अडकवावी, म्हणजे गाडी सुरू करताना विसर पडणार नाही.

इंजिन, इंधन आणि बॅटरी

वंगण तेल उभे करण्यापूर्वी बदलावे, नंतर नव्हे. वापरलेल्या तेलात आम्ल आणि पाणी उतरलेले असते. ते महिनोन्महिने बेअरिंगांवर बसून राहते.

पेट्रोलचा प्रश्न आता अधिक नाजूक झाला आहे. पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सध्या २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील पाणी शोषते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि पत्रा गंजवते. जुन्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरचे डायफ्रॅम अशा इंधनासाठी बनलेले नाहीत, त्यामुळे नव्या मिश्रणाला तोंड देणाऱ्या नळ्या बसवून घ्याव्यात. दोन-तीन महिन्यांसाठी टाकी जवळजवळ भरून, उष्णतेने फुगण्यापुरती जागा सोडून ठेवावी. त्याहून अधिक काळ असेल तर मेकॅनिककडून टाकी रिकामी करून घ्यावी आणि कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवून बंद करावे.

रेडिएटरचे पाणी हैदराबादेत गोठणार नाही, तरीही कूलंट हवेच. ते गंज रोखते. बोअरवेलचे जड पाणी नळ्यांत क्षार साचवते, म्हणून मिश्रणासाठी ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे.

बॅटरी काढून घरात सावलीत ठेवावी. आधी अर्थिंगची जोडणी सोडवावी. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत अर्थिंग धन टोकाला असते, हे तपासून घ्यावे. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा १२.४ खाली गेला की चार्ज करावी. उन्हाळ्यात ती लवकर उतरते, म्हणून महिन्यातून एकदा मोजणे आवश्यक.

चाके आणि ब्रेक

टायरमध्ये नेहमीपेक्षा ८-१० पौंड अधिक हवा भरावी, मात्र टायरवर छापलेली मर्यादा ओलांडू नये. हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण ब्रेकचे लायनिंग ड्रमला चिकटते. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. दर महिन्याला गाडी हातभर पुढे-मागे ढकलावी, म्हणजे टायर एकाच जागी चपटा होत नाही. त्याच वेळी ब्रेक आणि क्लच पाच-दहा वेळा दाबावेत. ब्रेक ऑइलही हवेतील पाणी शोषते. ते दोन वर्षांनी बदलावे.

दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करण्याची सवय चांगली वाटते, पण ती अपायकारक आहे. इंजिन पुरेसे तापत नाही आणि जळणातून तयार झालेले पाणी तेलात व सायलेन्सरमध्येच राहते. चालवायची तर गाडी वीस-तीस मिनिटे रस्त्यावर चालवावी. नाही तर सुरूच करू नये. रस्त्यावर आणायची असल्यास तृतीय पक्षाचा विमा चालू हवा. पूर, आग किंवा चोरीची भरपाई त्या विम्यातून मिळत नाही, त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचा वेगळा विमा लागतो.

पुन्हा सुरू करताना

सगळी तयारी करूनही पाणी इंजिनापर्यंत चढले असेल, तर चावी फिरवू नये. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून न्यावी आणि मेकॅनिकने प्लग काढून पाणी बाहेर काढल्यावरच पुढचा विचार करावा.

एरवीही दीर्घ मुक्कामानंतर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडावे आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवावे. जुन्या फियाट-अॅम्बेसेडरचे हँडल याच कामासाठी डिकीत जपून ठेवावे. मग तेल, पाणी, ब्रेक आणि इंधनाच्या नळ्या पाहाव्यात आणि शेवटी चावी फिरवावी.

या सगळ्याला लागतो मे महिन्यातील एक दिवस आणि पुढे महिन्याकाठी एक तास. अॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पद्मिनीचे त्याच्याही बऱ्याच आधी. आज अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या जागी नवी येणार नाही. तो एक तास काढता येत नसेल, तर गाडी काढू शकणाऱ्याच्या हाती वेळीच सोपवणे हेही तिला जपणेच आहे.