सातबारावरचं सुट्टीचं घर

भोर-वेल्ह्यात पाणवठ्याकाठी सुट्टीचं घर घेणं ही अलीकडची हौस वाटते. पण बाहेरच्याच्या गरजेनं इथली जमीन हलणं जुनंच आहे. १९२८ साली पूर्ण झालेल्या भाटघर धरणाचं पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामतीकडच्या उसाला गेलं, पानशेतचं पुण्याला. बुडाली ती मावळातली भातखाचरं. आज उरलेल्या उतारावर फार्महाऊस उभं राहतं, ते त्याच जलाशयाचा देखावा पाहत.

१९४८ साली भोर संस्थान विलीन झालं. त्याच वर्षीच्या कूळकायद्याच्या कलम ६३ नं, परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास मनाई केली. हा कायदा जुनाट आहे, विक्रीमुळे गरजू शेतकऱ्याला पैसा आणि गावाला रोजगार मिळतो, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. पण पैसा एकदाच येतो, रोजगार बहुधा राखणदारीचा असतो. म्हणून घेणाऱ्यानं देखाव्याआधी सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना वाचावा. कुळाचं नाव, विहिरीतला वाटा, बँकेचा बोजा तिथेच दिसतो. त्या चार ओळी म्हणजे जमिनीचा इतिहासच. त्यांचा मान राखला तरच पाहुणा शेजारी होतो.