प्लगच्या आट्यांवरचा लेप : एका सवयीचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया, किल्ले आणि सेनापती आठवतात. आजचा विषय त्यामानाने फार छोटा आहे, पण तुमच्या दारातल्या गाडीशी थेट जोडलेला आहे. स्पार्क प्लग बसवताना त्याच्या आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ नयेत म्हणून मिळणारा चंदेरी किंवा तांबूस लेप, लावावा की नाही? एक मिस्त्री म्हणतो, लावलाच पाहिजे. दुसरा म्हणतो, अजिबात नको. दोघेही अनुभवी असतात. हे भांडण मिटवायचं तर थोडं मागे जावं लागतं.

1860 मध्ये पॅरिसला एतिएन लन्वार यांनी गॅसवर चालणाऱ्या इंजिनात विजेची ठिणगी वापरली. 1902 मध्ये जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातले अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग तयार केला. मोटारीला भरवशाची ठिणगी मिळाली ती तेव्हापासून. त्या काळात इंजिनं बहुतेक बिडाची असत. प्लगचं कवच पोलादाचं, हेड बिडाचं. दोन्ही लोखंडाच्याच घराण्यातले. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप घ्या, नाहीतर आपली अँबेसेडर. दोन्हींची हेडं बिडाचीच. अशा हेडात प्लग गंजून अडकला तरी जोर लावून निघायचा आणि आटे सहसा शाबूत राहायचे.

अ‍ॅल्युमिनियम आलं आणि चित्र पालटलं. ते वजनाला हलकं आणि उष्णता लवकर वाहून नेणारं, म्हणून विमानांनी ते आधी उचललं. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनात 12 सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन, असे 24 प्लग असत. आपल्या रस्त्यांवर फियाट 1100 आणि तिची पुढची पिढी पद्मिनी यांची हेडं अ‍ॅल्युमिनियमची होती. 1983 मध्ये मारुती 800 आली आणि असं हेड घरोघरी पोचलं.

पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम यांचं मात्र फारसं जमत नाही. दोन वेगळे धातू एकत्र आले आणि मध्ये ओल शिरली की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. शिवाय तापल्यावर ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. तिसरी गोष्ट म्हणजे ते मऊ आहे. अडकलेला प्लग जोराने फिरवला की हेडातले आटेच सोबत निघून येतात. मग हेड उतरवा, नवे आटे पाडा, तारेच्या वेटोळ्याचा इन्सर्ट बसवा. शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगपायी हजारोंचा खर्च.

त्यात भर पडली शिशाची. 1921 मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळून इंजिनाची ठकठक थांबवली, पण त्या शिशाचा थर प्लगवर बसू लागला. प्लग वरचेवर काढायचा, साफ करायचा, फट मोजायची आणि परत बसवायचा, हे नित्याचं काम झालं. दरवेळी मऊ आटे थोडे झिजणारच. त्यावर उपाय म्हणून ग्रीसमध्ये ग्रॅफाइट, तांबं, निकेल किंवा अ‍ॅल्युमिनियमची भुकटी घातलेला लेप वापरला जाऊ लागला. उष्णतेने ग्रीस जळून जातं, पण भुकटी आट्यांमध्ये राहते आणि धातू धातूला चिकटत नाही. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये जुने कारागीर बोटाच्या टोकावर जेमतेम दिसेल एवढंच ग्रॅफाइट ग्रीस घेत. त्या काळात ते अगदी योग्य होतं.

पुढे दोन गोष्टी बदलल्या. 1995 पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलं आणि फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. दुसरीकडे प्लगच्या कवचावर निकेल किंवा जस्ताचा चकचकीत मुलामा येऊ लागला. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यातला हा पडदा कारखान्यातच बसवलेला असतो. प्लॅटिनम आणि इरिडियमचे काही प्लग तर लाखभर किलोमीटर टिकतात. ते वरचेवर काढायची गरजच उरली नाही.

आता लेपाने काय बिघडतं ते पाहू. प्लग आवळताना आपला बराचसा जोर घर्षणातच खर्च होतो. लेपाने घर्षण कमी झालं की पाना तेवढाच ओढला तरी प्लगवर ताण जास्त येतो. एनजीके ही जपानी कंपनी सांगते की लेपामुळे टॉर्कमध्ये 20 टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो; त्याने कवच ताणलं जातं किंवा आटे तुटतात. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडात 14 मिलिमीटरच्या प्लगला साधारण 25 ते 30 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. तो आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. म्हणजे ज्या मऊ आट्यांना वाचवायला लेप आला, त्यांच्यावरच तो आता उलटू शकतो.

मग डबी फेकून द्यायची का? नाही. पिस्टन इंजिनाच्या विमानांत आजही शिशाचं इंधन चालतं आणि प्लग वेळोवेळी काढले जातात. तिथे टोकाकडचे आटे सोडून लेप लावायची सूचना असते. फोर्डच्या 5.4 लिटर ट्रायटन इंजिनात 2004 ते 2008 च्या सुमारास प्लग मोडून आत राहू लागले, तेव्हा कंपनीनेच निकेलचा लेप सुचवला. पण आट्यांवर नाही; कार्बनमुळे अडकणाऱ्या पुढच्या लांब नळीवर. दुखणं जिथे होतं, तिथेच औषध.

तुमच्यासाठी हिशेब सोपा आहे. आधी गाडीचं मॅन्युअल पाहा. प्लग चकचकीत असेल तर आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवा. कवच काळपट, बिनमुलाम्याचं असेल तर लेपाचा विचार करा, पण टोकाला लागू देऊ नका आणि पाना कमी ओढा. इंजिन थंड असतानाच प्लग काढा. टॉर्क पाना नसेल तर वॉशरचा नवा 14 मिलिमीटरचा प्लग आधी हाताने बसेपर्यंत फिरवा, मग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्या.

जुना मिस्त्री चुकीचं शिकला नव्हता. त्याच्या हाताखालचा प्लग बदलला, पेट्रोल बदललं, सवय तेवढी तशीच राहिली. फौजेत आम्ही कुठलाही जुना आदेश पुन्हा वाचताना आधी एकच प्रश्न विचारायचो: हा काढला तेव्हा कारण काय होतं, आणि ते कारण आज आहे का? गाडीचं बॉनेट उघडताना तुम्हीही तो विचारा.