कापडावर शिवलेला इतिहास

अमेरिकेतल्या मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांतल्या काही संग्रहालयांमध्ये एक वेगळ्याच प्रकारचं भरतकाम बघायला मिळतं. कापडाच्या चौकोनात एका कोपऱ्यात डोंगर, शेतं, डुकरं, कोंबड्या. मधोमध विमानं आणि बंदुका घेतलेले सैनिक. त्याखाली एक रुंद नदी आणि बांबूच्या आधारानं ती पोहून जाणारी माणसं. पलीकडच्या काठावर छावणी. सगळं सुईदोऱ्यानं भरलेलं. या कापडांना 'कथापट' म्हणता येईल. ते बनवले ह्मोंग लोकांनी.

ह्मोंग मूळचे दक्षिण चीनच्या डोंगराळ भागातले. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले अनेक जण लाओस, व्हिएतनाम, थायलंड या भागांत उतरले. 1950 नंतरच्या दशकात मिशनऱ्यांनी त्यांच्या भाषेसाठी रोमन लिपी तयार केली. तोवर लिहिण्या-वाचण्याचा फारसा प्रघात त्यांच्यात नव्हता. पूर्वी आपली लिपी होती, चीनमधून पळताना बायकांनी ती घागऱ्यांच्या नक्षीत लपवली, अशी एक दंतकथा मात्र ते सांगतात. दंतकथा म्हणजे पुरावा नव्हे. पण हे लोक कापडाकडे कसं बघतात, ते तिच्यावरून कळतं.

फुलांचं कापड

ह्मोंग भरतकामाला 'पा न्दाऊ' म्हणतात. त्याचा अर्थ फुलांचं कापड. जुन्या पा न्दाऊमध्ये माणसं किंवा प्रसंग नसतात. असतात त्या भौमितिक आकृत्या: गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी, त्रिकोण, चौकड्या. काही नक्षी उलट्या पद्धतीनं करतात. वरचं कापड कापायचं, कडा आत दुमडून बारीक टाके घालायचे आणि खालच्या कापडाचा रंग दिसू द्यायचा. बाळाला पाठीशी बांधायची झोळी, नववर्षाचे कपडे, मृत आईवडिलांसोबत द्यायची वस्त्रं अशा प्रसंगांसाठी हे काम होई.

हिरव्या ह्मोंग गटाच्या बायका घागऱ्यासाठी भांगेच्या झाडापासून काढलेल्या धाग्याचं कापड वापरत. त्यावर वितळलेल्या मेणानं रेघा काढून ते निळीत बुडवत. इथे थोडं रसायनशास्त्र आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही, मग ती धाग्यात शिरते कशी? रांजणात चुना किंवा राख घालून नीळ आंबवली, की सूक्ष्मजीवांमुळे तिचं क्षपण होतं आणि पिवळसर, विरघळणारं रूप तयार होतं. ते धाग्यात शिरतं. कापड बाहेर काढलं, की हवेतल्या ऑक्सिजनमुळे पुन्हा निळं, न विरघळणारं रूप बनतं आणि तिथेच अडकून बसतं. मेण लावलेल्या जागी रंग पोहोचत नाही. शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढलं, की पांढऱ्या रेघा उमटतात.

छावणीत काय बदललं?

1960 नंतर अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानं लाओसमधल्या हजारो ह्मोंगांना कम्युनिस्टांविरुद्धच्या लढाईत उतरवलं. 1975 मध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली आणि ह्मोंगांना पळावं लागलं. मेकाँग नदी ओलांडून ते थायलंडमध्ये पोहोचले. तिथे बान विनाई ही त्यांची मोठी छावणी होती. शेती नाही, हाताला काम नाही. अशा स्थितीत भरतकाम हे कमाईचं साधन झालं, आणि याच काळात कथापट जन्माला आले. बहुधा पुरुष चित्रं काढून देत, बायका ती भरत. छावणीत मदतकार्यासाठी आलेले लोक ते विकत घेत. अमेरिकेत गेलेल्या नातेवाइकांकडेही ते विक्रीसाठी पाठवले जात. गिऱ्हाइकाच्या आवडीनुसार भडक रंग मागे पडून मंद निळे, तपकिरी रंग आले. काही कापडांवर इंग्रजी वाक्यंही भरली गेली.

मग हे कापड 'पारंपरिक' म्हणायचं का? टाके जुने, चित्रं नवी. हात ह्मोंगांचे, गिऱ्हाईक परकं. कथापट वाचताना इतिहासकारानं विचारायला हवं: हे कोणासाठी बनवलं? इंग्रजी वाक्य घरच्या आजीसाठी नक्कीच नव्हतं. आपल्यावर काय गुदरलं, ते परक्यांना सांगण्याचा हा प्रयत्न होता. म्हणून पुरावा म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. तो कशाचा पुरावा आहे, ते मात्र नेमकं कळतं.

पेटीत की पाठीवर?

2020 च्या जनगणनेनुसार अमेरिकेत तीन लाखांहून अधिक ह्मोंग राहतात. छावणीत भरलेली कापडं आता संग्रहालयांत आहेत. प्रकाशानं रंग उडतात, धागे ठिसूळ होतात, म्हणून अशी वस्त्रं साधारण 50 लक्स एवढ्या मंद उजेडात, तीही ठरावीक काळच मांडतात. जपणुकीसाठी हे योग्यच आहे. पण बाळाची झोळी कोणत्या बाजूनं बांधायची, कुठली वेटोळी कशासाठी, हे काचेआडून कळत नाही. ते ठाऊक असलेल्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. नववर्षाला घालायच्या घागऱ्यांसाठी बाजारात यंत्रावर छापलेलं कापडही मिळतं. त्यावर मेणाच्या रेघा दिसतात, पण मेण कधी लागलेलंच नसतं.

म्हणून कापडाइतकंच त्याच्याबद्दलचं बोलणं जपायला हवं. वस्तूच्या पाटीवर 'ह्मोंग भरतकाम, लाओस' एवढंच लिहिलं, तर छावणी आणि नदी दोन्ही गळून जातात. करणारीचं नाव, छावणीचं नाव, कोणासाठी केलं, ही माहिती नोंदवली, तरच त्या कापडाचा दस्तऐवज होतो.

वर्गात करून बघण्यासारखं: मुलांना घरातलं एखादं जुनं कापड आणायला सांगा. प्रत्येकानं त्याची संग्रहालयासारखी पाटी लिहावी. आधी फक्त कापड पाहून, आणि नंतर घरातल्या मोठ्या माणसांना विचारून. दोन्ही पाट्या शेजारी लावा. दुसऱ्या पाटीत काय वाढलं आणि पहिल्यातलं काय चुकीचं ठरलं, यावर चांगली चर्चा होईल.