जाळीत अडकून धामणीचे तोंड जखमी झाले तर काय करावे?

बागेच्या नायलॉन जाळीत धामण अडकते, सुटायला धडपडते आणि तिचे तोंड सोलवटते. धामण बिनविषारी असली तरी चावते. शिवाय घाईत नागही धामणच वाटतो. म्हणून हात लावू नका, जाळी ओढू नका. पोरं-कुत्री लांब ठेवा, लांबूनच लक्ष ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.

जखमेवर हळद, तेल, चुना लावू नका. दूध पाजू नका, ते सापाचे अन्न नाही. जखम चिघळून हिरड्यांत पू झाला तर साप खाणे सोडतो. तिथे पशुवैद्यकाचेच औषध लागते. बरी करायची म्हणून धामण घरात ठेवणे हासुद्धा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

धामण वाचली तर शेतातले उंदीर तीच खाणार.