वर्ष नसलेल्या कॅसेट

मराठीतला सगळ्यात प्रभावी अल्बम कोणता, हा वाद आमच्या मित्रांत कॉलेजपासूनचा आहे. आम्ही पाच जण, पाचही इंजिनिअर. गेल्या दिवाळीत तो एकदाचा मिटवायचा ठरला. प्रत्येकानं दहा नावं द्यायची आणि त्यांचा तक्ता मी करायचा. मी रकाने पाडले: नाव, गायक, संगीतकार, कंपनी, वर्ष. ज्याचं वर्ष सापडणार नाही ते बाद, हा नियमही माझाच.

पुण्याच्या मित्राचं पहिलं नाव अर्थातच 'गीतरामायण'. दुसऱ्याचं श्रीनिवास खळे आणि लता मंगेशकर यांचं 'अभंग तुकयाचे'. तिसरा म्हणाला, आपल्या पिढीला पाऊस शिकवला तो १९९८च्या 'गारवा'नं. लातूरचा मित्र 'सैराट'वर अडून बसला. सिनेमाची गाणी अल्बम धरायची का, यावरच दोन रात्री गेल्या.

मग मी 'गीतरामायणा'चं वर्ष भरायला बसलो आणि अडकलो. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून त्याचं पहिलं गीत प्रसारित झालं. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची, असं आठवड्याला एक गीत करत ५६ गीतं झाली. रेडिओवर सीतेची गाणी माणिक वर्मा यांनी गायली होती. इतरही अनेक गायक होते. रेकॉर्ड आल्या त्या नंतर, एकट्या सुधीर फडके यांच्या आवाजात. म्हणजे लोक ज्याच्यासाठी रेडिओपाशी जमले, ते 'गीतरामायण' अल्बम नव्हतंच. आधी प्रभाव पडला, मग अल्बम झाला. मग आम्ही नेमकं काय मोजत होतो?

अल्बम ही कल्पनाच यंत्रानं घडवलेली आहे. ७८ आरपीएमच्या तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं सलग ऐकता येऊ लागलं. पण रेकॉर्ड प्लेअर घेण्याची ऐपत कितीशा घरांत होती? मराठवाड्यातल्या वाडी-तांड्यावर तर नावच नको. फिलिप्सनं १९६३ साली कॅसेट काढली. आपल्याकडे ती घरोघरी पोहोचली ऐंशीच्या दशकात. स्वस्त, बॅटरीवर चालणारी, आणि मुख्य म्हणजे कुणालाही भरता येणारी. कुणाचं गाणं बाजारात येणार, हे ठरवण्याची मोठ्या कंपनीची मक्तेदारी तिथं मोडली.

नांदेडच्या आमच्या घरी बुटाच्या खोक्यात पप्पांच्या कॅसेट आहेत. प्रल्हाद शिंदे आहेत. वामनदादा कर्डकांची गाणी वेगवेगळ्या गायकांच्या आवाजात आहेत. वस्तीतल्या गायन पार्टीच्या कार्यक्रमात टेप समोर ठेवून भरलेल्याही काही आहेत. त्यांच्यावर बॉलपेननं फक्त 'भीमगीते – २' असं लिहिलंय. कंपनी नाही, वर्ष नाही. माझ्या नियमानं त्या आपोआप बाद.

खरं सांगायचं तर नियम हे निमित्त होतं. वर्ष सापडलं असतं तरी ती नावं मी दिली नसती. पुण्यात नोकरीला लागल्यापासून ही गाणी मी इअरफोन लावूनच ऐकतो. ती नावं घेतली की पुढचा प्रश्न आडनावाचा येतो. मीही माझ्या यादीत वर 'गीतरामायण'च लिहिलं होतं.

२७ जुलै १९७८ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात माणसं मारली गेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ला. मधली साडेपंधरा वर्षं म्हणजे नेमका कॅसेट पसरण्याचा काळ. त्या काळात गावकुसाबाहेर काय ऐकलं जात होतं, याला माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता.

शेवटी मी 'भीमगीते – २' ही ओळ घातली. वर्षाच्या रकान्यात लिहिलं, 'नाही'. पुण्याचा मित्र म्हणाला, "याला अल्बम म्हणायचं का?" मी त्याला रेडिओवरच्या 'गीतरामायणा'ची गोष्ट सांगितली. तो जरा वेळानं म्हणाला, "बरं, पण ऐकव तरी." लातूरच्या मित्राला प्रल्हाद शिंदे वेगळेच माहीत होते. त्याच्या घरी त्यांची विठ्ठलाची कॅसेट आषाढीला लागायची. आमच्या घरी त्यांचीच भीमगीतं १४ एप्रिलला. आवाज एकच.

वाद मिटलेला नाही. 'सैराट'वाला अजून ऐकत नाही. मी मात्र नांदेडला गेलो की खोकं घेऊन पप्पांसमोर बसतो आणि एकेका कॅसेटचं वर्ष विचारतो. त्यांना साल आठवत नाही. ते म्हणतात, "ही तुझ्या आत्याच्या लग्नाच्या वर्षीची. ही नामांतराच्या मोर्च्याहून येताना घेतली." मी तसंच लिहून घेतो. वर्षाचा रकाना आता मी रुंद केला आहे.